वेब सर्व्हर आणि ॲप्लिकेशन सर्व्हर

वेब सर्व्हर म्हणजे ब्राउझरकडून आलेली एचटीटीपी विनंती स्वीकारून तिला उत्तर पाठवणारी संगणकीय आज्ञावली होय. ॲप्लिकेशन सर्व्हर हा त्या उत्तरामागील व्यवहार पार पाडतो. आकडेमोड करणे, डेटाबेसमधून माहिती काढणे, वापरकर्त्याची ओळख पटवणे ही त्याची कामे. ‘सर्व्हर’ हाच शब्द यंत्रालाही लावला जात असल्याने विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो. वस्तुतः या दोन्ही आज्ञावली एकाच यंत्रावर नांदू शकतात.

== इतिहास ==
टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत पहिला वेब सर्व्हर चालवला. ज्या नेक्स्ट संगणकावर तो चाले, तो कोणी बंद करू नये म्हणून त्यावर तशी चिठ्ठी चिकटवलेली होती. हा सर्व्हर तयार पाने मागेल त्याला देत असे. विनंतीनुसार पान घडवण्यासाठी १९९३ साली अमेरिकेतील एनसीएसए संस्थेत सीजीआय ही पद्धत निघाली. तीत प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रक्रिया सुरू करावी लागे. प्रत्येक अर्जदारासाठी नवा कारकून नेमावा आणि काम होताच त्याला निरोप द्यावा, तसाच हा प्रकार! गर्दी वाढताच यंत्र थकून जाई. सतत जागे राहून अनेक विनंत्या हाताळणारे वेबलॉजिक, वेबस्फिअर यांसारखे ॲप्लिकेशन सर्व्हर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आले.

== कार्यविभागणी ==
परीक्षेच्या निकालाचे संकेतस्थळ घेतल्यास बोधचिन्ह, सूचनापत्रक व आसन क्रमांक भरण्याचा कोरा तक्ता सर्वांना सारखाच असतो. तो अपाचे किंवा एनजिनएक्स यांसारखा वेब सर्व्हर थेट पुरवतो. आसन क्रमांक भरल्यावर मात्र ती विनंती ॲप्लिकेशन सर्व्हरकडे जाते. तो गुण शोधून पान रचतो व वेब सर्व्हरमार्फत परत पाठवतो. या रचनेत डेटाबेस थेट बाहेरच्या जगासमोर येत नाही, हा तिचा मोठा लाभ. निकालाच्या दिवशी दिसणारा ५०४ हा क्रमांक म्हणजे दर्शनी सर्व्हर जागा आहे, परंतु त्याला आतून वेळेत उत्तर मिळालेले नाही. ५०२ म्हणजे आतून आलेले उत्तर सदोष आहे. विद्यार्थी अशा वेळी पान पुन्हापुन्हा ताजे करतात आणि आतील रांग आणखी लांबते.

ही सीमारेषा काटेकोर नाही. टॉमकॅट सर्व्हलेट चालवतो, तशाच तयार फायलीही देतो. अपाचे आपल्या पोटातच पीएचपी चालवू शकतो.