वऱ्हाडातील ग्रंथालये : वर्गणीपासून कायद्यापर्यंत

वऱ्हाड म्हटले म्हणजे बाहेरच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे काळी जमीन, कापसाच्या गंजी आणि जिनांची धुराडी उभी राहतात. पुस्तकांची कपाटे सहसा कोणास आठवत नाहीत. वस्तुतः अकोल्यास सार्वजनिक वाचनालय निघाले ते १८६० साली आणि अमरावतीस निघाले ते १८६७ साली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे व मुंबईचे १८९८ चे, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन तारखांचे मोल कळून येईल. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०) व पुणे (१८४८) ही नगरे या कामी वऱ्हाडाच्या पुढे होती हे खरे. परंतु त्या बाजूस इंग्रजी अंमल १८१८ पासूनचा. वऱ्हाड निजामाने कंटिन्जंट फौजेच्या खर्चापायी इंग्रजांच्या हवाली केले ते १८५३ साली. म्हणजे राज्यबदलानंतर रत्नागिरीस वाचनालय निघण्यास दहा वर्षे लागली, पुण्यास तीस लागली, आणि अकोल्यास अवघी सात!

ही त्वरा कोठून आली? आमच्या मते तिचे श्रेय एकट्या सरकारास देता येत नाही आणि एकट्या रयतेसही देता येत नाही. नव्या अंमलाबरोबर कचेऱ्या, न्यायालये व शाळा आल्या. त्यांबरोबर पुणे, कोकण व खानदेश या बाजूंचे कारकून, वकील आणि शिक्षक आले. त्यांस वर्तमानपत्राची सवय लागलेली होती, आणि एकट्याच्या पगारात चार पत्रे घेणे परवडणारे नव्हते. चौघांनी वर्गणी काढावी, एक खोली पाहावी, टेबलावर पत्रे मांडावी, हा मार्ग त्यांनी आपापल्या गावी पाहिलेलाच होता. त्यातच १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजून तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसास कधी नव्हे तो भाव आला. १८६७ साली आगगाडी थेट नागपुरापर्यंत धावू लागली. मुंबईस छापलेले पुस्तक पूर्वी बैलगाडीच्या चालीने येई, ते आता रुळांवरून येऊ लागले. अमरावतीच्या नगर वाचनालयाचे जन्मवर्षही तेच. या दोहोंचा कार्यकारणसंबंध आम्ही छातीठोकपणे सांगत नाही, पण योगायोग बोलका आहे खरा.

अकोल्याचे ते पहिले वाचनालय आज बाबूजी देशमुख वाचनालय या नावाने ओळखले जाते. 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' हे त्याकाळी अशा संस्थांचे ठरीव नाव. पुण्याच्या नगर वाचन मंदिराचेही मूळ नाव तेच. या नावातील 'जनरल' हा शब्द मात्र जरा तपासून घ्यावा लागतो. सर्वांसाठी म्हणजे वर्गणी भरणाऱ्या सर्वांसाठी, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. ज्याच्या घरी दरमहा दोन आणे उरत नव्हते त्याने आत येऊ नये असा नियम कोणी केला नसेल; पण तो येत नव्हता. स्त्रियांनी तेथे जाऊन बसावे असा काळ तर फारच दूर होता. आणि ज्या अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी अस्पृश्य मानलेल्या बांधवांस १९२७ साली सत्याग्रहाचा विचार करावा लागला, तेथे वाचनालयाचा उंबरठा सर्वांस सारखाच सोपा होता असे मानणे धाडसाचे होईल. हे म्हटल्याने त्या जुन्या संस्थापकांच्या कामास बाध येत नाही. त्यांनी पेरलेल्याचे पीक पुढे दिसलेच : १९२३ च्या संक्रांतीस, १४ जानेवारीला, विदर्भ साहित्य संघाची स्थापना अमरावतीतच झाली, आणि पुढल्याच वर्षी यादव माधव काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' प्रसिद्ध झाला. वाचणारा वर्ग तयार असल्याखेरीज अशी कामे होत नसतात.

सरकारचे पाऊल या वाटेवर फार उशिरा पडले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणवून गावोगाव फुकट वाचनालयांची योजना चालविली. रंगनाथनांनी १९३० साली काशीच्या शिक्षणपरिषदेपुढे आदर्श ग्रंथालय-कायद्याचा मसुदा ठेवला. ग्रंथालयांसाठी निराळा कर असावा हा त्यातील गाभा. मुंबई सरकारने फैजी समिती नेमली ती १९३९ साली. पण वऱ्हाड १९०३ पासून मध्यप्रांतास जोडलेले, त्यामुळे त्या समितीच्या शिफारशींशी त्याचा संबंध आला नाही. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली कायदा केला, मद्रासने १९४८ साली केला, आणि हैदराबाद राज्याने १९५५ साली. येथे एक गंमत नमूद करण्याजोगी आहे. वऱ्हाडवर निजामाचे स्वामित्व कागदोपत्री पुढे पुष्कळ वर्षे चालू होते, आणि प्रांत परत मिळावा म्हणून त्याने केलेली मागणी लॉर्ड रीडिंग यांनी १९२६ साली फेटाळली. ती मान्य झाली असती, तर मराठवाड्याप्रमाणे वऱ्हाडासही ग्रंथालयांचा कायदा बारा वर्षे आधी लाभला असता! अर्थात त्या सौद्यात बाकी काय काय पदरी पडले असते याचा विचार केला म्हणजे वऱ्हाडकरांनी हळहळण्याचे कारण नाही.

१९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. तो १ मे १९६८ पासून अमलात आला. अमरावतीच्या वाचनालयास तेव्हा शंभर वर्षे झाली होती. रंगनाथनांचा ग्रंथालय-कर या कायद्याने घेतला नाही. त्याऐवजी ग्रंथालय-निधी निर्माण करून त्यात सरकारने दरसाल निदान पंचवीस लक्ष रुपये घालावे असे ठरविले. कर नाही म्हटल्यावर गावोगाव सरकारी ग्रंथालये काढण्यास पैसाही नाही. म्हणून लोकांनी चालविलेल्या संस्थांस मान्यता द्यावी, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडावे आणि वर्गाप्रमाणे अनुदान द्यावे, ही रीत पडली. सरकारने स्वतः चालवावयाची ती विभागाच्या व जिल्ह्याच्या ठिकाणची मोजकी ग्रंथालये. अमरावतीस विभागीय ग्रंथालय आहे. त्या विभागात अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि १९९८ साली अकोल्यातून निराळा झालेला वाशीम, असे पाच जिल्हे येतात.

या सरकारी ग्रंथालयांचे काम दुपेडी आहे, आणि तेच त्यांचे दुखणेही आहे. एका हाताने वाचकास पुस्तक द्यावयाचे, मुलांचा विभाग सांभाळावयाचा, वाचनकक्ष उघडा ठेवावयाचा. दुसऱ्या हाताने जिल्ह्यातील अनुदानित वाचनालयांची दप्तरे तपासावयाची, ग्रंथोत्सव भरवावयाचे. २०१२ साली महसूल खात्याकडून राज्यभर अनुदानित ग्रंथालयांची तपासणी झाली, त्यावरून या दुसऱ्या कामाची निकड कोणाच्याही लक्षात यावी. परंतु माणसे थोडी असली म्हणजे वाचकाचे काम मागे पडते आणि कागदाचे पुढे सरकते, हा कोणत्याही कचेरीचा स्वभावच आहे.

तरीही वर्गणीच्या वाचनालयाने जे साधले नाही ते सरकारी वाचनकक्षाने साधले, हे मान्य करावयास हवे. तेथे बसून वाचण्यास वर्गणी पडत नाही आणि कोणाची ओळख लागत नाही. खेड्यातून आलेला, भाड्याच्या खोलीत तिघाचौघांत राहणारा मुलगा स्पर्धा-परीक्षेचे पुस्तक घेऊन सकाळपासून तेथे बसतो. त्याच्या शेजारच्या बाकावर शेतकऱ्याची मुलगी बसलेली असते. जुन्या संस्थापकांस हा देखावा स्वप्नातही दिसला नसता. 'हे वाचन नव्हे, ही तर नोकरीची तयारी' असे नाक मुरडून म्हणणारे आहेत. अकोल्यास १८६० साली जमलेले कारकून आणि वकील तरी निव्वळ काव्यानंदासाठी जमत होते काय? त्यांसही कायद्याची पुस्तके आणि बाजारभावच आधी हवे असणार.

आमची तक्रार निराळी आहे. बसावयास जागा देणे हे ग्रंथालयाचे अर्धे काम. जे कोठे मिळत नाही ते जपून ठेवणे हे उरलेले अर्धे. अकोल्याच्या 'वऱ्हाड समाचारा'सारखी जुनी पत्रे, गावोगावच्या छापखान्यांतून निघालेली चोपडी, संस्थांचे अहवाल, यांचा वाली कोण? जुन्या वाचनालयांत त्यातले काही असेल. पण पुस्तकांचा कागद वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पिठासारखा होतो आणि वाळवीस वर्गणी लागत नाही. ही वाचनालये अनुदानावर दिवे आणि पगार कसेबसे भागवितात; जुन्या कागदाची निगा त्यांच्याकडून कशी व्हावी? विभागीय ग्रंथालयाने पाचही जिल्ह्यांतील अशा साहित्याची एक यादी केली आणि जीर्ण अंकांची छायाचित्रे घेऊन ठेवली, तर त्यास नवी इमारत लागणार नाही. अमरावती जिल्ह्यातच, महानुभावांच्या रिद्धपुरास, मराठी भाषा विद्यापीठ निघाले आहे. तेथले अभ्यासक एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडी लेखनाचा शोध घेऊ लागतील तेव्हा प्रथम या जुन्या वाचनालयांचेच जिने चढतील. वर कपाटात काय शिल्लक आहे, हे त्यांच्या आधी कोणीतरी जाऊन पाहिलेले असावे.