रागाच्या क्षणामागचे महिने

नवऱ्याने बायकोचा जीव घेतला की ‘रागाच्या भरात घडलं’ म्हणून विषय मिटवण्याची सवय जुनी आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेनेही तीव्र आणि आकस्मिक चिथावणीला सवलत दिली. त्या संहितेने पाहिला तो एक क्षण. हुंडाबळींविरुद्ध स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, मग १९८३ मध्ये छळाविषयीचे ४९८-अ आणि १९८६ मध्ये हुंडाबळीविषयीचे ३०४-ब ही कलमे त्याच संहितेत आली. मृत्यूआधीचा छळ तेव्हापासून गुन्ह्याचाच भाग ठरला. भांडणे घरोघरी होतात, सगळीकडे खून होत नाहीत, हा आक्षेप खराच आहे. म्हणूनच भांडण आणि जरब यांतला फरक ओळखायला हवा: माहेर तोडणे, पैसे रोखणे, धमक्या, गळा दाबणे. बायको घर सोडू पाहते तेव्हा तर धोका फारच वाढतो. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानला, संरक्षण आदेशाची सोय केली. लेकीच्या गळ्यावर एकदा हात पडला असेल, तर तिला ‘सांभाळून घे’ म्हणू नका.