हिंगोली परिसरातील 'गुत्ता' : एका शब्दाच्या अर्थांतराची सामाजिक पार्श्वभूमी

मराठवाड्यात रस्ता किंवा पूल बांधणाऱ्या कंत्राटदारास 'गुत्तेदार' म्हणतात. पुण्या-मुंबईकडील वाचकास मात्र 'गुत्ता' म्हणताच दारूचे दुकान आठवते. शब्द मूळचा द्राविडी होय. तेलुगूतील 'गुत्त' आणि कन्नडातील 'गुत्तिगे' यांचा अर्थ मक्ता, ठेका एवढाच. मद्याचा त्यांत लवलेशही नाही. मक्त्याचे नाव दुकानास का चिकटले, याचे उत्तर कोशापेक्षा आबकारीच्या व्यवहारात शोधावे लागते.

दुसरे महायुद्ध संपले त्या वेळी हिंगोली हैदराबाद संस्थानच्या परभणी जिल्ह्यात होती. शिंदी व दारू विकण्याचा हक्क सरकार लिलावाने मक्त्यावर देई, आणि आबकारी ही संस्थानच्या उत्पन्नाची एक मोठी बाब होती. येथे पूर्वी हैदराबाद काँटिंजंटची छावणी होती. १९०३ साली ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. बियरचा या गावाशी जुना संबंध जोडावयाचाच झाल्यास तो छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांपाशी जोडावा लागेल. सामान्यांच्या जीवनात बियरची जागा शिंदीची होती. झाडाला संध्याकाळी खाच देऊन मडके बांधावे, पहाटे उतरवावे. ताजा रस तो नीरा, आणि ऊन चढता चढता तो आपोआप आंबून झाली शिंदी. मादकतेतही ती मोहाच्या दारूपेक्षा बियरलाच जवळची. अर्थात सारा समाज पिणारा होता असे नव्हे. नामदेवांचे नरसी याच परिसरातले, आणि माळकऱ्यास मद्य वर्ज्य.

१९४७ साली या झाडास राजकीय अर्थ प्राप्त झाला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या आंदोलनात जंगल सत्याग्रहाबरोबर शिंदीची झाडे तोडण्याचाही कार्यक्रम होता. निजामाच्या तिजोरीवर घाव घालण्याचा तो सरळ मार्ग होता, आणि व्यसनमुक्तीच्या गांधीप्रणीत विचाराशीही तो जुळत होता. परंतु शिंदीचे झाड केवळ शिंदी देत नाही. त्याच्या पानांचे फडे आणि चटया होतात. कुऱ्हाड निजामाच्या उत्पन्नावर पडली तशी ती या झाडावर पोट भरणाऱ्यावरही पडली, हे मुक्तिसंग्रामाच्या गौरवपर लेखनात सहसा येत नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ च्या दुरुस्तीने या भागासही लागू झाला. जो व्यवहार काल सरकारी लिलावाने चालत होता, तोच आज गुन्हा ठरला. कायद्यात परवान्याची वाट होती. प्रकृतीच्या कारणासाठी परवाना मिळवून विलायती मद्य घेता येई. ही वाट शिकलेल्या व पैसेवाल्या माणसासाठी होती. शिंदी पिणारा मजूर परवान्याचा अर्ज कोठून भरणार? गूळ व नवसागराची 'हातभट्टी' ही त्याच्या वाट्यास आली. शिंदीहून ती कितीतरी जहाल, आणि शिवाय बेकायदा. मद्य सौम्य व्हावे असा कायद्याचा हेतू नव्हता हे खरे. पण निषेधाचा परिणाम सौम्याकडून उग्राकडे नेणारा झाला, हे विसरून चालणार नाही.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६४ पासून बंदी शिथिल होत गेली. 'गुत्ता' या शब्दाने तोवर मक्त्याशी असलेले नाते बहुतेक मराठी प्रदेशात गमावले होते, आणि त्याला बदनाम जागेचा वास लागला होता. हैदराबादच्या जुन्या हद्दीत मात्र मूळ अर्थ जिवंत राहिला. दारूबंदीच्या काळानेही आपला एक शब्द मागे ठेवला. बियर व विलायती मद्य जेथे बसून पितात त्या जागेवर महाराष्ट्रात 'परमिट रूम' अशी पाटी असते. तेथे येणाऱ्याचा परवाना सहसा कोणी पाहत नाही.