आईच्या डोक्याचं माप

पाचाडहून महाडला जायचं म्हणजे पंचवीसेक किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता. आई भावाच्या बाईकवर मागे बसायची. दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर पिशवी, एक हात त्याच्या खांद्यावर. कित्येक वर्षं तिने असाच बाजार केला. एका पावसाळ्यात खड्डा चुकवताना बाईक कलली आणि ती मागच्या मागे पडली. भावाच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तिच्या डोक्यावर पदर.

रक्त आलं नाही, टेंगूळ आलं. "काय नाय झालंय," म्हणत ती उठली आणि सांडलेले कांदे गोळा करायला लागली. संध्याकाळी उलटी झाली. पुढे दोन-तीन महिने भाजीत मीठ दोनदा पडायचं, उजेड सहन व्हायचा नाही, बोलता बोलता शब्द हरवायचे. डॉक्टरांना दाखवलं, तर उत्तर मिळालं, "या वयात बायकांना असं होतं. टेन्शन घेऊ नका."

आज मी पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करते. डोक्याला धक्का बसला की आत मेंदूचं काय होतं, आणि ते बाईच्या आणि पुरुषाच्या डोक्यात वेगळं होतं का, हा माझा विषय. गावात कुणी विचारलं तर "हेल्मेटचं काहीतरी" असं सांगून मोकळी होते. पण डोकी मोजण्याचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा सुरुवातीलाच भेटली एक मराठी बाई.

इरावती कर्वे. आपण त्यांना 'युगान्त'मुळे ओळखतो. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणूनही त्यांचं नाव सांगतात. पण त्याआधी, १९२०च्या दशकाच्या अखेरीस, त्या बर्लिनमध्ये पीएच.डी. करत होत्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. पुढे नाझींच्या वंशवादाला ज्यांच्या विज्ञानाने आधार दिला, तेच हे फिशर. गोऱ्या युरोपियन माणसाच्या कवटीची उजवी बाजू डावीपेक्षा मोठी असते, इतर वंशांत तसं नसतं, आणि म्हणून युरोपियन जास्त तर्कशुद्ध विचार करतात, अशी कल्पना होती. ती तपासायचं काम इरावतीबाईंकडे आलं.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. कवट्या थोड्या वाकड्या असतात, हे खरं निघालं. पण त्या वाकडेपणाचा वंशाशी काही संबंध सापडला नाही. गुरूला हवं होतं ते न लिहिता त्यांनी मापांनी सांगितलं तेच लिहिलं. परदेशात शिकायला आलेली पंचविशीच्या आतली मुलगी, पदवी त्याच गुरूच्या हातात. हे धाडस किती मोठं होतं, ते कुठल्याही पीएच.डी.वाल्याला विचारा.

म्हणजे विज्ञानाची एक चूक अशी, की नसलेला फरक शोधून काढायचा आणि त्यावर उच्च-नीच ठरवायचं. आईच्या बाबतीत झाली ती चूक याच्या बरोबर उलटी होती. तिची सुरुवात एका मोटारसायकलपासून होते.

मे १९३५मध्ये इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे न्यूरोसर्जन होते. हेल्मेट असतं तर अशी किती माणसं वाचली असती, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९४१मध्ये त्यांचा मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवरचा निबंध आला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं.

दोन वर्षांनी ऑक्सफर्डच्या होलबोर्न या भौतिकशास्त्रज्ञाने मेंदूऐवजी जिलेटिन वापरून प्रयोग केले. त्याचं म्हणणं असं, की नुसत्या सरळ धक्क्यापेक्षा डोकं झटक्यात फिरणं मेंदूला जास्त घातक असतं. हे मी आईला हंड्यावरून समजावलं. भरलेला हंडा झपकन फिरवला तर हंडा फिरतो, पाणी मागे राहतं. कवटी आणि मेंदूचंही तसंच. मेंदू मऊ असल्यामुळे त्या ओढाताणीत त्याचे धाग्यांसारखे तंतू ताणले जातात. बाहेर रक्ताचा थेंबही नसताना.

नंतर गाड्यांच्या चाचण्यांसाठी पुतळे आले. १९७६मध्ये जनरल मोटर्सने 'हायब्रिड थ्री' बनवला: सरासरी अमेरिकन पुरुष, सुमारे १७५ सेंटिमीटर उंच, ७८ किलोंचा. हा जगभर प्रमाण झाला. पुढे बाईचा पुतळाही आला, पण तो म्हणजे पुरुषाचाच आराखडा लहान केलेला. उंची दीडेक मीटर, वजन ४९ किलो. सरासरी बाईच्या मापाचा, तिच्याच शरीरावरून घडवलेला पुतळा मागून बसणाऱ्या धडकेच्या चाचणीसाठी स्वीडनमध्ये अॅस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने जगासमोर आणला, तेव्हा २०२२ साल उजाडलं होतं.

फरक आहे का मग? खेळाडूंवरच्या अभ्यासांत असं दिसलं, की तेवढ्याच झटक्याला मुलींचं डोकं जास्त वेगाने फिरतं. मान बारीक आणि तिचे स्नायू कमी ताकदीचे, हे त्याचं एक कारण. २०१८मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूच्या पेशींचे तंतू प्रयोगशाळेत वाढवून सारखेच ताणले. मादी पेशींचे तंतू बारीक होते, त्यांच्या आतले आधाराचे सूक्ष्म नळ कमी होते, आणि एका दिवसाने इजाही त्यांच्यात जास्त दिसली. हे बशीतले तंतू आहेत, माणूस नव्हे. बाईचा मेंदू दुबळा, असा अर्थ काढला तर आपण परत फिशरच्या दारात उभे. बाईच्या डोक्यासाठी माप वेगळं घ्यावं लागेल, एवढंच यातून कळतं.

आपल्याकडचा कायदा पाहा. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्यात चालवणाऱ्यासारखीच मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती आहे. १९८९च्या नियमांत मागच्या चाकाला जाळीही लावायला सांगितली, कपडा अडकू नये म्हणून. जाळी गावागावात पोचली. हेल्मेट चालवणाऱ्याच्या डोक्यापर्यंत येऊन थांबलं. दिल्लीत तर २०१४पर्यंत बायकांना त्यातून सूटच होती. साडी सांभाळली, डोकं राहिलं.

पाचाडला जिजाऊंची समाधी आहे, वाड्याचे अवशेष आहेत. रायगडावरचा वारा आणि गारठा त्यांना मानवेना, म्हणून महाराजांनी खाली वाडा बांधला, असं आमच्याकडे सांगतात. लहानपणी मी ती फक्त मायेची गोष्ट म्हणून ऐकली. आता वाटतं, यात शास्त्रही आहे. गड सगळ्यांना सारखाच मानवतो, असं त्यांनी धरून चाललं नाही.

गेल्या दिवाळीत मी आईला महाडला हेल्मेट घ्यायला नेलं. दुकानात होतं त्यातलं सगळ्यात लहान तिने घातलं. अंबाडा सोडला तर ते ढिलं, बांधला तर बसेना. मान हलवली की आत डोकं फिरायचं.

आयुष्यभर डोक्यावरून पाणी वाहिलेली बाई ती. आरशात बघून म्हणाली, "आत चुंबळ ठेवू काय गं?"

दुकानदार हसला. मी घरी येऊन टेप काढली आणि तिच्या डोक्याचा घेर, अंबाड्याची उंची, मानेची जाडी वहीत लिहून घेतली.