सोळाशे मीटर आणि पन्नाशी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, "सर, इतिहासाच्या व्याख्यानात पळणं कुठून आलं?" त्याचं उत्तर एका मैदानावर आहे. तिथूनच सुरुवात करतो.

गेल्या वर्षी, वयाच्या 52 व्या वर्षी, मी पहाटे पळायला लागलो. रक्तातली साखर काठावर आली होती, ते निमित्त. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, पहाटे पाचला कुठल्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर जा. अंधारात मुलं-मुली पळताना दिसतील. त्यातल्या एकानं चौथ्या की पाचव्या दिवशी मला अगदी गंभीरपणे विचारलं, "काका, तुमची कोणती भरती?"

तेव्हा मी हसलो. घरी आल्यावर मात्र वाटलं, पोरानं इतिहासाचाच प्रश्न विचारलाय. आपल्याकडं माणूस पळतो तो कशासाठी? आणि कुठल्या वयापर्यंत?

आधी अंतर बघू. ही मुलं पळतात ते "सोळाशे". पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. लष्कराच्या भरती मेळाव्यातही तेच 1600 मीटर. ठरलेल्या वेळेत आलात तर पुढं सरकता, नाहीतर घरी. आता हे सोळाशे म्हणजे काय? हा जुना मैलच आहे, 9 मीटर कमी असलेला. मैल 1609 मीटरचा. रोमन सैन्याच्या हजार दुहेरी पावलांवरून त्याचं नाव पडलं. आपल्याकडं 1956 साली वजनमापांचा कायदा झाला, मग रस्त्यावरचे दगड बदलले, किलोमीटर आले. मैल गेला. उरला तो म्हणींत, "मैलाचा दगड" या शब्दांत, आणि या पोरांच्या पायांत.

म्हणजे नगरच्या खेड्यातला मुलगा रोज मैल पळतो, फक्त त्याला मैल म्हणत नाही. आणि वयाची अट संपली की एका दिवसात पळणं बंद करतो. खुल्या प्रवर्गाला पोलीस शिपायासाठी 28 वर्षं. त्यानंतर पळणारा माणूस दिसला की लोक विचारतात, "काय हो, काय झालं?"

हे आजचं नाही. मराठेशाहीत पत्रं घेऊन जासूद पायी जात, बहुधा जोडीनं, म्हणजे एक अडला तर दुसरा पुढं जावा. इंग्रजी अमदानीत टपालाचे हरकारे आले. खांद्यावर थैली, हातात भाला, भाल्याला घुंगरू. 1878 साली दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून सुरू झाला आणि लांबची टपालाची थैली माणसाच्या खांद्यावरून डब्यात गेली. या सगळ्यांचं पळणं पोटासाठी होतं. नोकरी सुटली की पळणं सुटलं.

मग खेळ म्हणून पळणं कधी आलं? पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत दोराबजी टाटांनी अनवाणी पळणारे शेतकरी बघितले. त्यांना ना शिक्षण, ना नियमांची माहिती. पण त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या वेळांशेजारी ठेवता येण्यासारख्या होत्या. हे दोराबजींनी पुढं ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्रातही कळवलं. त्या शर्यतींतूनच 1920 चा अँटवर्पचा संघ उभा राहिला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथं मॅरेथॉन पळले आणि 19 वे आले, 2 तास 50 मिनिटांत. पहिल्याच खेपेला! पण हाही तरुणांचाच खेळ.

आता तुम्ही म्हणाल, मग चाळिशी-पन्नाशीतलं पळणं पाश्चात्त्यच. मला तसं वाटत नाही. दोन गोष्टी सांगतो.

एक, वारीतला धावा. वेळापूरच्या उतारावर आल्यावर तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. त्याची आठवण म्हणून वारकरी आजही तिथं धावतात. कोण धावतं? साठीची आजी, डोक्यावर तुळस. पन्नाशीचा शेतकरी, गळ्यात टाळ. निवृत्तिनाथांची पालखी तर आपल्याच जिल्ह्यातून जाते. तिच्याबरोबर चालणारे पाय बघा, त्यात विशीतले किती आणि पन्नाशीपुढचे किती. या धाव्यात पहिला नंबर नाही, पगार नाही.

दुसरी गोष्ट औंधची. भवानराव पंतप्रतिनिधी, जन्म 1868. तरुणपणी सँडोचे व्यायाम करून बघितले. साधारण 1908 च्या सुमारास, म्हणजे चाळिशीत, त्यांनी रोज सूर्यनमस्कार सुरू केले आणि म्हातारपणापर्यंत सोडले नाहीत. शाळांत सक्तीचे केले, पुस्तकं लिहिली. राजाला कुठली भरती द्यायची होती? शरीर हे रोज राखायचं असतं, एवढाच त्यांचा मुद्दा.

जगातही हा बदल उशिराच झाला. 6 मे 1954 ला रॉजर बॅनिस्टरनं मैल चार मिनिटांच्या आत पळून दाखवला. वय 25. त्याच वर्षी त्यानं शर्यती सोडल्या आणि डॉक्टरकी धरली. चाळिशी उलटलेला माणूस चार मिनिटांच्या आत यायला 1994 उजाडलं. आयर्लंडचा एमन कॉघलन, वय 41, वेळ 3 मिनिटं 58 सेकंद. मधल्या 40 वर्षांत शरीर बदललं नव्हतं. बदलली होती ती "या वयात कशाला?" ही समजूत. 1975 पासून प्रौढांच्या जागतिक स्पर्धा भरू लागल्या होत्या.

यामागचं शास्त्र थोडक्यात सांगतो. बसून राहणाऱ्या माणसाची प्राणवायू वापरण्याची ताकद दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्के घटते. सराव ठेवणाऱ्याची घट बरीच कमी असते. मैलासाठी बहुतेक ताकद प्राणवायूवरच येते. म्हणून आठवड्यातले तीन दिवस गप्पा मारता येतील अशा वेगानं पळायचं, आणि एक दिवस 400 मीटरच्या तीन-चार जोरकस फेऱ्या, मधे चालत विश्रांती. ही पद्धत 1930 च्या दशकात जर्मनीत गेर्शलर या प्रशिक्षकानं एका हृदयतज्ज्ञाबरोबर बसवली. विश्रांतीत नाडी खाली आली की पुढची फेरी. आपल्या वयात एक पथ्य जास्त: दम लवकर वाढतो, पण पोटरी आणि टाचेच्या शिरा सावकाश तयार होतात. घाई केली की लंगडत घरी. आणि सुरू करण्याआधी हृदय तपासून घ्या, यात लाज नको.

मी पहिल्या दिवशी सोळाशेला 11 मिनिटं घेतली, त्यात दोनदा चाललो. आज 8 मिनिटं 20 सेकंद लागतात. साखर उतरली आहे.

पण शेवटी एक गोष्ट सांगितल्याशिवाय थांबणं बरं नाही. 2014 साली बारामतीच्या शर्यतीत साठी ओलांडलेल्या लता करे ज्येष्ठांच्या गटात तीन किलोमीटर पळाल्या. नऊवारी, पाय अनवाणी. आणि जिंकल्या. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते म्हणून. पुढं त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. आपण सगळ्यांनी कौतुक केलं. मला मात्र त्या बातमीत जासूद दिसतो, हरकारा दिसतो, भरतीचा मुलगा दिसतो. गरज होती म्हणूनच त्या पळाल्या. सकाळची हवा छान आहे म्हणून पळायला निघालेली खेड्यातली साठीची बाई अजून आपल्याला सहज दिसत नाही. मला सवड आहे, बूट आहेत, रस्त्यावर कुणी हटकत नाही. हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

तो मुलगा अजून मैदानावर भेटतो. त्याला मी सांगितलंय, "तुझी भरती होवो. पण झाली किंवा नाही झाली, तरी सोळाशे सोडू नकोस." तो म्हणाला, "बघू काका." बघू या.