सुरत रिकामी झाली तेव्हा



गेल्या महिन्यात जपमाळेची प्रार्थना संपल्यावर एक बहीण मागे थांबली. मुलगा हिऱ्याच्या कारखान्यात, काम निम्म्यावर आलेलं, घराचा हप्ता मात्र पूर्ण. ती म्हणाली, "भाऊ, रात्री तीनला जाग येते. छाती धडधडते, हातपाय गार पडतात. प्रार्थना करते, पण चिंता जात नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?"

पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेलं पत्र उघडून चौथा अध्याय वाचून दाखवला असता, तर माझं काम झालं असतं. पण हाच प्रश्न माझ्या आईने अनेक वर्षं उराशी बाळगलेला मी पाहिला आहे. म्हणून त्या बहिणीला मी म्हटलं, सावकाश लिहून सांगतो. तेच आज लिहीत आहे, आणि त्यासाठी सुरतेच्या इतिहासातले काही दिवस उघडावे लागतील.

१९९४ च्या पावसाळ्यात तापीचं पाणी सखल वस्त्यांत शिरलं आणि ओसरताना चिखल, कचरा नि मेलेली जनावरं मागे ठेवून गेलं. तिकडे मराठवाड्यात किल्लारीच्या भूकंपाला वर्षही झालं नव्हतं, तोच ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले होते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, गणपती विसर्जनाला दोन-तीन दिवस होतात न होतात तोच, वेड रोड भागातली माणसं ताप, खोकला आणि थुंकीतून रक्त अशा अवस्थेत सिव्हिल हॉस्पिटलात येऊ लागली. काही जण तासाभरात गेले. फुफ्फुसाचा प्लेग, हा शब्द शहरभर पसरला.

त्यानंतर जे झालं ते आजाराने कमी आणि भीतीने जास्त केलं. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं स्टेशनकडे धावत सुटली. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन दिसेनाशी झाली. कित्येक खासगी दवाखान्यांना कुलपं लागली, कारण डॉक्टरही माणसंच. शाळा, सिनेमागृहं, हिऱ्यांचे कारखाने, माग सगळे बंद. आमच्या गल्लीत तर कोणी सांगे, पाण्यात विष आहे. कोणी सांगे, उद्यापासून लष्कर शहराला वेढा घालणार, कोणाला बाहेर पडू देणार नाही. १९९१ च्या जनगणनेत सुरतेची वस्ती पंधरा लाखांच्या आसपास होती. त्यातली काही लाख माणसं चार-पाच दिवसांत निघून गेली. देशभरात त्या साथीने दगावलेल्यांचा आकडा मात्र शेवटी साठच्या आत राहिला. तो प्लेगच होता का, यावर तज्ज्ञ पुढे बराच काळ वाद घालत बसले.

लिंबायत-उधन्याच्या खोल्यांतून राहणारे आम्ही खानदेशी लोक त्या गर्दीतच होतो. वडील मागावर कामाला होते. आई माझ्या धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन उधना स्टेशनवर उभी होती, आणि भुसावळकडे जाणाऱ्या गाडीच्या टपावरसुद्धा जागा नव्हती. बारडोली, व्यारा, नवापूर करत आम्ही नंदुरबारला उतरलो. गावात आठवडाभर आम्हाला कोणी शिवू दिलं नाही. शेतातल्या खळ्यावर राहिलो. भाकरी लांबून ठेवून जायचे.

पण आईच्या मनात जी जखम राहिली ती खळ्याची नव्हती. आजी सुरतेतच राहिली होती. तिचे गुडघे दुखत, ती गाडीत चढू शकली नसती, आणि "मी कुठं जाते आता" म्हणून तिने खाटेवरून पाय खाली ठेवला नाही. आईने तांदूळ, रॉकेल आणि कुठून तरी मिळवलेल्या दहा गोळ्या शेजारच्या खालांच्या हाती दिल्या. खाला जाणार नव्हत्या. डिसेंबर १९९२ च्या दंगलींना दोन वर्षंही झाली नव्हती, तरी आजीची खाट त्या बाईच्या भरवशावर सोडून आम्ही गेलो. तीन आठवड्यांनी परतलो तेव्हा आजी ओट्यावर बसून मेथी निवडत होती.

आजीला काही झालं नाही. आईला झालं. त्यानंतर प्रत्येक सप्टेंबरात, पाऊस लागून राहिला की तिची छाती धडधडायची. तिला वाटे, ही देवाने दिलेली शिक्षा आहे. विश्वास असता तर मी थांबले असते.

इथे मला आपल्या धर्मग्रामातल्या वृद्ध फादरांचे आभार मानले पाहिजेत. आईने ते ओझं सांगितलं तेव्हा त्यांनी उपदेश केला नाही. त्यांनी विचारलं, "म्हातारीला कोणाच्या स्वाधीन केलं होतंस? तिला खायला होतं का? औषध होतं का?" आई एकेक सांगत गेली. मग ते म्हणाले, "म्हणजे तू तिला टाकून गेली नाहीस. व्यवस्था लावून गेलीस."

पुढे कॉलेजात असताना ख्रिस्तसभेचा इतिहास वाचताना मला त्या प्रश्नांचं मूळ सापडलं, आणि तेही अनपेक्षित जागी. मी कॅथलिक धर्मशिक्षक मार्टिन ल्यूथरचं नाव घेतो आहे हे पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, पडू देत. ऑगस्ट १५२७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ येना शहरी हलवलं गेलं, राजाने ल्यूथरलाही निघायला सांगितलं. तो थांबला, सोबत बुगेनहागेन हा सहकारी. घर रुग्णांनी भरलं होतं, पत्नी काथरिना गरोदर होती. ब्रेस्लाऊचा पाळक योहान हेस याने विचारलं होतं की प्लेगपासून ख्रिस्ती माणसाने पळावं का. त्याला ल्यूथरने त्याच काळात सविस्तर पत्र लिहिलं. त्याचा सारांश माझ्या शब्दांत असा: जीव वाचवावा असं वाटणं देवानेच आपल्यात घातलं आहे, ते पाप नव्हे. घराला आग लागली तर आपण बाहेर पळतोच. मात्र ज्यांच्यावर दुसऱ्यांची जबाबदारी आहे, म्हणजे पाळक, अधिकारी, वैद्य, आईबाप, त्यांनी त्यांची सोय लावल्याशिवाय जाऊ नये. औषध घ्यावं, घरात धुरी द्यावी, गरज नसेल तिथे जाऊ नये. आणि "माझा विश्वास आहे" म्हणून औषध नाकारणारा देवाची परीक्षा पाहतो.

हे लिहिणारा माणूस स्वतः निर्धास्त होता असं समजू नका. त्याच जुलैत तो कोसळून पडला होता, आणि त्यानंतर कित्येक महिने मनाच्या काळोखाशी झगडत होता. काथरिना सुखरूप राहिली. पण त्या डिसेंबरात जन्मलेली त्यांची एलिझाबेथ वर्षभरही जगली नाही.

आणि पौल? चिंता करू नका असं ज्या पत्रात तो लिहितो, त्याच पत्राचा दुसरा अध्याय वाचा. एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला आहे, त्याला तुमच्याकडे लवकर धाडतो, म्हणजे माझंही दुःख हलकं होईल, असं तो कबूल करतो. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तर सगळ्या मंडळ्यांची चिंता आपल्यावर रोज असते, असं तो उघड सांगतो. म्हणजे चौथ्या अध्यायातलं ते वचन चिंता ठाऊक नसलेल्या माणसाने सांगितलेलं नाही, ते कैदेतून चिंताग्रस्ताने चिंताग्रस्तांना लिहिलं आहे. आपण मात्र ते एकमेकांच्या डोक्यात दगडासारखं मारतो.

भीती हे शरीराचं काम आहे, हे समजून घेतलं तर निम्मं ओझं उतरतं. धोका दिसला की शरीर पळण्याची तयारी करतं: रक्त पायांकडे धावतं, श्वास वरवरचा होतो, पोट आवळतं. प्लेगच्या दिवसांत ती तयारी उपयोगाची होती. अडचण अशी की घराचा हप्ता आणि वाघ यांतला फरक शरीराला कळत नाही, आणि हप्ता वाघासारखा निघूनही जात नाही. एलिया प्रेषित ईजबेलला घाबरून पळाला आणि रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्याला आधी काय दिलं ते पहिल्या राजांच्या १९ व्या अध्यायात आहे. झोप, भाजलेली भाकर, पाणी, पुन्हा झोप. प्रश्न त्यानंतर विचारला.

१९९४ नंतर सुरतेने काय केलं, तेही पाहण्यासारखं आहे. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले. "प्लेग" नावाच्या राक्षसाशी कोणी लढू शकत नाही. पण आजचा कचरा आज उचलता येतो, या गल्लीतलं गटार या आठवड्यात साफ करता येतं. अधिकाऱ्यांना रोज सकाळी खुर्ची सोडून वस्तीत उतरावं लागे, रस्ते रात्री झाडले जात, घाण करणाऱ्या हॉटेलवाल्याला दंड होई, मग तो कितीही मोठा असो. दोनेक वर्षांत ज्या शहरातून लोक पळाले होते त्याचं नाव देशातल्या स्वच्छ शहरांत चंदिगडच्या खालोखाल घेतलं जाऊ लागलं. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू प्रत्येक दिवसाला त्या दिवसाचं दुःख पुरे म्हणतो, त्याचा अर्थ मला एखाद्या टीकाग्रंथापेक्षा त्या साफ झालेल्या नाल्यांवरून जास्त कळला.

त्या बहिणीसाठी आता. रात्री तीनला जाग आली तर मोबाईल उघडू नका. १९९४ च्या गल्लीतल्या अफवा आता तिथे राहतात. उठून बसा, श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. दर श्वासाला येशूचं नाव घ्या. जपमाळेची लय तशीही श्वासाचीच आहे. दिवसा वही घेऊन मुलासोबत बसा आणि कर्जाचे आकडे लिहा: बाकी किती, हप्ता किती, बँकेकडे मुदत मागता येते का. न लिहिलेला आकडा रात्री फुगतो. कोणाला तरी सांगा. गेथशेमानेत खुद्द प्रभूनेही तीन मित्रांना जवळ थांबा म्हटलं होतं. ते झोपले, ही गोष्ट वेगळी. दोन-तीन आठवडे झोप नसेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा, मराठीतही बोलता येतं. मुलावरही लक्ष ठेवा. कारखान्यातून येणारी पोरं बोलत नाहीत, नुसती गप्प होतात.

आई आता सत्तरीत आहे. पाच वर्षांपूर्वी मी तिला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा ती आधी फादरांना विचारून आली. तिच्या उशाशी जपमाळ आणि गोळ्यांची डबी शेजारी शेजारी असतात. सप्टेंबरात पाऊस लागला की अजूनही ती अस्वस्थ होते. मग खालांच्या मुलीला फोन लावते, कारण खाला आता नाहीत, आणि दोघी तासभर बोलतात.