देवगिरीचा चिनी महाल आणि झिलईतील स्फटिक : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकापासून सुमारे 15 कि.मी. अंतरावरील देवगिरी (दौलताबाद) किल्ल्याचा इतिहास प्रामुख्याने राजसत्तांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. तेथील चांदमिनार व चिनी महालावरील झिलईदार फरशांचा विचार बहुधा सजावट म्हणूनच होतो. वस्तुतः या फरशा तंत्रज्ञानाच्या इतिहासाचेही अस्सल साधन आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
बहामनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमदशहा (इ.स. 1436-1458) याच्या कारकिर्दीत, 1445 मध्ये चांदमिनार उभारला गेला. चिनी महालास त्याच्या फरशांमुळेच हे नाव मिळाले. 1687 मध्ये गोवळकोंडा जिंकल्यानंतर औरंगजेबाने अबुल हसन कुतुबशहास याच महालात कैदेत ठेवले. नाव 'चिनी' असले तरी या अलंकरणाची परंपरा इराणी आहे. मूळचा गिलानचा असलेल्या महमूद गावानने 1472 मध्ये बिदरला बांधलेला मदरसा याच परंपरेतील होय.

शुभ्रतेचे तंत्र :
काशानच्या कुंभार घराण्यातील अबुल कासिम याने 1301 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात शिसे व कथील एकत्र जाळून भस्म करण्याची कृती दिली आहे. हे भस्म गारेच्या पुडीत मिसळून भाजले असता शिसे काचेत सामावते. कथिलाचे ऑक्साइड मात्र अत्यल्प विरघळते आणि सूक्ष्म स्फटिकांच्या रूपाने वेगळे होते. काचेचा वक्रीभवनांक सुमारे 1.5, तर या स्फटिकांचा सुमारे 2 असल्याने प्रकाश विखुरतो व झिलई अपारदर्शक, शुभ्र दिसते. आच लांबल्यास लहान स्फटिक विरघळून मोठे वाढतात. विसाव्या शतकातील एनॅमलच्या भांड्यांत कथिलाची जागा टायटॅनियमने घेतली. तेथेही भाजताना ॲनाटेजचे स्फटिक जमतात. आच अधिक झाल्यास त्यांचे रुटाइल होऊन पांढऱ्यावर पिवळसर छटा येते.

निष्कर्ष :
शुभ्रता अन्य मार्गानेही साधते. पांढऱ्या मातीच्या अस्तरावर पारदर्शक झिलई दिली की वरून फरक ओळखू येत नाही. छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास मात्र स्फटिक झिलईत आहेत की पांढरेपणा अस्तराचा आहे, हे स्पष्ट होते. म्हणून केवळ शैलीसाम्यावरून कारागिरांचे मूळ ठरविणे अपुरे आहे. गळून पडलेला प्रत्येक तुकडा त्याच्या मूळ जागेच्या नोंदीसह जतन होणे आवश्यक आहे. तुकडा हरवला, तर ज्या कारागिरांची नावे कोणत्याही बखरीत वा शिलालेखात नाहीत, त्यांच्या भट्टीचा पुरावाच नाहीसा होतो.